नगराचे ‘नखोन’ होते तेव्हा
(थायलंडच्या जुन्या राजधान्यांचा रस्त्याने केलेला प्रवास)

थायलंडला जातोय म्हटल्यावर आमच्या मित्रमंडळींत जो हशा पिकला तो अजून कानांत आहे. आपल्याकडे थायलंड म्हणजे पट्टाया, स्वस्त खरेदी आणि भारतातून परतताना बँकॉकला मोडलेले दोन दिवस. आमच्यापैकी जवळजवळ सगळ्यांनी ते दोन दिवस केव्हा ना केव्हा मोडलेले होतेच. या खेपेस मात्र आम्ही आठ जणांनी जानेवारीत नऊ दिवस काढून, बँकॉकपासून चियांग मायपर्यंत एका व्हॅनमधून, जुन्या राजधान्या पाहत जायचे ठरवले. तीन जोडपी, एका मित्राची सत्तरी ओलांडलेली आई (तिला आम्ही सगळेच मावशी म्हणतो) आणि नुकतेच निवृत्त झालेले एक काका, असा आमचा चमू होता. शिवाय एक थाय चालक आणि उत्तम इंग्रजी बोलणारी एक थाय गाईड.

विमानाने चियांग माय तासाभरावर आहे. रस्त्याने सरळ गेले तरी सुमारे सातशे किलोमीटर. तरीही हा प्रवास रस्त्यानेच का करावा, हे सांगण्यासाठी हा लेख. तो वाचून आपल्यापैकी कोणी तसा बेत आखला, तर पाट्या आणि पडके खांब वाचण्याची थोडी तयारी जाण्यापूर्वीच झालेली असावी, एवढाच हेतू.

उलटा इतिहास

रस्त्याने उत्तरेकडे जाताना इतिहास उलटा उलगडतो. बँकॉक ही सर्वांत अलीकडची राजधानी, १७८२ साली पहिल्या रामाने वसवलेली. तिच्या उत्तरेस ऐंशी किलोमीटरवर आयुथया, १३५१ ते १७६७. आणखी वर गेले की सुखोथाय, तेरावे शतक. त्याहूनही उत्तरेला लांफून, जिथे थाय लोकांच्या आधी मोन लोकांचे राज्य होते. संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये जशी आधी ताजी आवृत्ती उघडावी आणि मग एकेक जुनी आवृत्ती तपासत मागे जावे, तसा हा प्रवास होतो. उपमेला एक मर्यादा आहे. या राजधान्या एकाच वंशाच्या एकामागून एक अशा नव्हत्या. सुखोथाय आणि चियांग माय समकालीन होती, आणि सुखोथाय हळूहळू आयुथयाच्या पोटात गेले.

बँकॉकच्या राजवाड्यातले वाट फ्रा केव म्हणजे पाचूच्या बुद्धाचे मंदिर. मूर्ती खरे तर हिरव्या जेडसारख्या दगडाची, जेमतेम सहासष्ट सेंटिमीटर उंच. पण तिचा प्रवास आमच्या प्रवासाच्या नेमका उलट! १४३४ साली ती उत्तरेला चियांग रायला सापडली. तिथून लांपांग, मग चियांग माय, मग आजच्या लाओसमध्ये दोनशेहून अधिक वर्षे, आणि १७८४ साली बँकॉकला. राजधानी आणि मूर्ती एकत्र असली की राज्याला अधिष्ठान लाभते, ही त्यामागची समजूत. वर्षातून तीनदा, ऋतू बदलताना, राजाच्या हस्ते तिचा पोशाख बदलतो. पंढरपूरचे नित्योपचार पाहिलेल्या मावशींना यात नवल वाटले नाही. नवल वाटले ते ओवरीच्या भिंतींवरच्या रामकियेनच्या १७८ चित्रांचे, आणि त्यातल्या मारुतीचे. थाय मारुती ब्रह्मचारी नाही. चांगला रसिक गडी आहे. मावशींनी दोन्ही कानांना हात लावले आणि पुढचे चित्र पाहायला सरसावल्या.

पाट्या वाचण्याची किल्ली

पहिल्याच दिवशी काका म्हणाले, “अरे, इथे सगळी नावे आपलीच आहेत, फक्त यांना उच्चारता येत नाहीत!” यातला पहिला अर्धा भाग जवळपास खरा आहे, दुसरा मुळीच नाही. उच्चार चुकलेले नाहीत, नियमाने बदललेले आहेत. हे नियम आम्ही व्हॅनमध्ये कागदावर मांडले. ते असे:

एक, आपला ग, द, ब थायमध्ये ख, थ, फ होतो. ‘देव’चे ‘थेप’ झाले (बँकॉकचे थाय नाव ‘क्रुंग थेप’, देवांचे नगर), ‘बुद्ध’चे ‘फुत’.

दोन, आपला प पुष्कळदा ब होतो. ‘पुरी’ची ‘बुरी’ होते. म्हणून लोपबुरी, कांचनबुरी, सुफानबुरी (सुवर्णपुरी).

तीन, शब्दाच्या शेवटी र किंवा ल आला की त्याचा न होतो. ‘अमर’चे ‘अमोन’, ‘काल’चे ‘कान’, आणि पहिला नियम जोडला की ‘नगर’चे ‘नखोन’.

चार, व चा बऱ्याच ठिकाणी फ होतो. ‘विष्णुलोक’चे ‘फित्सानुलोक’, ‘वज्र’चे ‘फेत’. मूर्तींच्या आणि मंदिरांच्या नावांमागे येणारे ‘फ्रा’ म्हणजे आपले ‘वर’, श्रेष्ठ या अर्थी.

गंमत अशी, की लिहिताना थाय लोक मूळ अक्षरे टाकत नाहीत. ‘चन्द्र’ जवळजवळ पूर्ण लिहितात, न उच्चारायच्या अक्षरावर एक खूण करतात आणि म्हणतात ‘चान’. म्हणजे लेखनात मूळ माहिती शाबूत आणि बोलण्यात सोय. सोमवार ‘वान चान’, मंगळवार ‘वान आंगखान’ (अंगारक), रविवार ‘वान आथित’. आपल्याकडे खेड्यात अजून आइतवार म्हणतात, तोच हा आदित्य. संध्याकाळपर्यंत मावशी पाट्यांवरच्या इंग्रजी अक्षरांवरून संस्कृत नाव ओळखण्यात आम्हा सर्वांच्या पुढे गेल्या. विमानतळाचे ‘सुवान्नाफूम’ म्हणजे सुवर्णभूमी, हे त्यांनीच आधी सोडवले.

आणखी एक किल्ली सालाची. थाय पाट्यांवर बुद्धवर्ष असते. त्यातून ५४३ वजा केले की इसवी सन मिळतो. आयुथया आणि सुखोथाय युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत १९९१ साली आली, ते थाय पाटीवर २५३४ असते.

आयुथया: पाण्यातले शहर, विटांचे सांगाडे

आयुथया म्हणजे अयोध्या. संस्थापक राजाने ‘रामाधिपती’ हे नाव घेतले. चाओ फ्राया, लोपबुरी आणि पासाक या तीन नद्यांच्या संगमावर, कालवा खोदून बेट पुरे करून वसवलेले हे शहर. ४१७ वर्षे इथे राजधानी होती. पोर्तुगीज, डच, जपानी, सर्वांच्या वसाहती नदीकाठी होत्या. एप्रिल १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने ते जिंकून जाळले, आणि पुढे बँकॉक उभारताना इथल्या विटा होडीने खाली नेल्या गेल्या.

इथे पाहणाऱ्याला दोन प्रश्न पडतात. पहिला: नुसते खांब उभे, मग छप्पर कुठे गेले? उत्तर सोपे आहे. भिंती व खांब विटांचे, वर चुन्याचा गिलावा, पण छपराचा सांगाडा लाकडी आणि त्यावर कौले. आगीत लाकूड गेले आणि विटा राहिल्या. आज आपल्याला दिसतो तो इमारतीचा न जळणारा भाग. सोनेरी, रंगीत, गजबजलेले मंदिर मनाने पुन्हा उभे करायचे असेल तर आधी बँकॉकचे मंदिर पाहून आलेले बरे.

दुसरा प्रश्न: इतक्या बुद्धमूर्तींची डोकी कुठे गेली? आमच्यातल्या एकाने लगेच “ब्रह्मी लोकांनी तोडली” असे सांगून टाकले. युद्धात विध्वंस झाला हे खरेच. पण गाईडने शांतपणे दुसरी बाजू सांगितली. पुढच्या काळात चोरांनीही डोकी तोडली, कारण डोके न्यायला सोपे आणि जगभरच्या हौशी संग्राहकांकडे त्याला गिऱ्हाईक होते. वाट राचबुराना हे मंदिर १४२४ साली बांधलेले. राज्यासाठी हत्तीवरून लढून दोन भावांनी एकमेकांना मारले, तेव्हा गादीवर आलेल्या तिसऱ्या भावाने त्या दोघांच्या स्मरणार्थ ते उभारले. १९५७ साली चोरांनी त्याच्या तळघरातले सोने लुटले. त्यातले जे सापडले ते आयुथयाच्याच चाओ साम फ्राया संग्रहालयात आहे. तिथला रत्नजडित सोन्याचा छोटा हत्ती पाहिला, की किती गेले असेल याची कल्पना येते. आपल्यापैकी कोणाच्या दिवाणखान्यात ‘अँटिक’ म्हणून घेतलेले बुद्धाचे नुसते डोके असेल, तर ते कोणत्या धडाचे, हा विचार आयुथयात टाळता येत नाही. मला तरी टाळता आला नाही.

वाट महाथातमध्ये झाडाच्या मुळांनी वेढलेले ते प्रसिद्ध बुद्धमुख आहे. फोटो काढताना त्याच्यापेक्षा उंच उभे राहू नये, खाली बसावे, अशी रीत आहे. शिरविरहित मूर्तीच्या मानेवर स्वतःचे डोके ठेवून फोटो काढण्याचा विनोद करू नये, हे वेगळे सांगायला लागू नये. पण लागते.

‘महाथात’ म्हणजे महाधातू, बुद्धाचे अवशेष. बँकॉक, आयुथया, लोपबुरी, फित्सानुलोक, सुखोथाय, प्रत्येक ठिकाणी एक महाथात आहेच. नव्या शहराला राजधानीचे रूप द्यायचे तर मधोमध महाधातू हवा, असा तो संकेत.

कणीस, घंटा आणि कमळकळी

लोपबुरी हे ख्मेर लोकांचे जुने ठाणे. पुढे सतराव्या शतकात आयुथयाच्या नाराय राजाची दुसरी राजधानी. फ्रांग साम योत ही तीन शिखरे ख्मेर बांधणीची, जांभ्या दगडाची. होय, आपला कोकणातला जांभाच. जमिनीतून काढताना मऊ, कापता येतो. हवेत राहिला की कठीण होतो. पण त्यावर बारीक नक्षी होत नाही, म्हणून वर गिलावा करून त्यात नक्षी. गिलावा पडला की खाली आपल्या वाडीतल्या घरासारखी भिंत दिसते. रत्नागिरीच्या आमच्या मित्राने त्या भिंतीवरून ज्या मायेने हात फिरवला ते पाहण्यासारखे होते. इथली माकडे जगप्रसिद्ध. त्यांचा उपद्रव फारच वाढल्यावर २०२४ साली सरकारने मोठ्या संख्येने ती पकडली.

जवळच्या ‘सान फ्रा कान’ या देवळात चार हातांची जुनी विष्णुमूर्ती आहे. तिला पुढे बुद्धमूर्तीचे शिर बसवले गेले. लोक तिला ‘फ्रा कान’ म्हणून, म्हणजे काल म्हणून पुजतात. काका बराच वेळ तिच्यासमोर उभे होते. ही मूर्ती कोणाची, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही.

शिखरांचे तीन आकार ओळखता आले की वाटेत भेटणारी निम्मी मंदिरे वाचता येतात. मक्याच्या कणसासारखे शिखर म्हणजे ‘फ्रांग’, ख्मेर वळण. उपड्या घंटेसारखा ‘चेदी’ (आपले चैत्य) म्हणजे लंकेचे वळण. आणि टोकाशी कमळाच्या कळीचा आकार म्हणजे खास सुखोथायचे. इमारतींची नावेही ओळखीची आहेत. ‘विहान’ म्हणजे विहार, लोकांनी दर्शनाला जायचे ते. ‘उबोसोत’ म्हणजे उपोसथ, जिथे भिक्खूंची दीक्षा होते. त्याच्याभोवती आठ पानाच्या आकाराचे दगड असतात, त्यांना ‘सेमा’ म्हणतात. सेमा म्हणजे सीमा. पडक्या जागी हे दगड दिसले की उबोसोत इथे होते हे समजावे.

सुखोथायचा प्रश्न

फित्सानुलोकला चौदाव्या शतकातली फ्रा फुत्त चिन्नरात (बुद्ध जिनराज) ही देखणी मूर्ती पाहून आम्ही सुखोथायला पोचलो. सुखोथाय म्हणजे सुखोदय. १२३८ साली श्री इंद्रादित्याने इथे राज्य स्थापले असे मानतात. त्याचा मुलगा रामखामहेंग याचा १२९२ सालचा शिलालेख राजपुत्र मोंगकुट याला १८३३ साली सापडला. थाय लिपीतला तो सर्वांत जुना लेख म्हणून शिकवला जातो. राजवाड्याच्या दाराशी घंटा टांगली होती आणि गाऱ्हाणे असणाऱ्या कोणीही ती वाजवावी, असे त्यात सांगितले आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस काही अभ्यासकांनी हा लेख मागाहून घडवला असावा अशी शंका घेतली आणि मोठा वाद झाला. बहुतेक अभ्यासक तो अस्सल मानतात, आणि २००३ साली युनेस्कोने त्याला जागतिक स्मृतीच्या नोंदीत स्थान दिले.

जुने शहर सायकलवरून पाहावे. सपाट रस्ते, तळी, कमळे. वाट सी चुममध्ये भिंतीच्या अरुंद फटीतून आत डोकावणारी सुमारे पंधरा मीटर उंचीची बैठी बुद्धमूर्ती आहे, तिचे नाव ‘फ्रा अचना’. मावशींनी तिसरा नियम लावला आणि म्हणाल्या, “अचल!” गाईडने हसून मान डोलावली; तिकडेही हीच व्युत्पत्ती सांगतात.

तेव्हा काका पुन्हा म्हणाले, “पाहा, सगळे आपलेच!” गाईड जरा थांबली आणि तिने विचारले, “तुम्ही महाराष्ट्राचे ना? अजिंठा कसा आहे?”

आठ जणांत अजिंठा पाहिलेले दोघे निघाले. मावशी, आणि शाळेच्या सहलीत एकदा गेलेला मी. बोधगया तर कोणीच पाहिले नव्हते. तिची आई बरीच वर्षे पैसे साठवून बोधगयेला जाऊन आली होती, तिथल्या पिंपळाचे एक पान घरात काचेत लावले आहे. तिने पुढचा प्रश्न विचारला, “तुमच्या प्रांतात आता बौद्ध लोक आहेत का?” २०११ च्या जनगणनेत भारतात सुमारे ८४ लाख बौद्ध नोंदले गेले आणि त्यांतले ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रातले. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली त्याची ही परंपरा. आम्ही ते सांगितले खरे, पण सांगताना माझ्या लक्षात आले, की आमच्या आठ जणांच्या ‘आपले’मध्ये ती माणसे कधी मोजलीच गेली नव्हती. हजार वर्षांपूर्वी समुद्रापार गेलेला शब्द आपला, आणि दीक्षाभूमीला जाणारा शेजारी मात्र ‘त्यांचा’? त्या संध्याकाळी व्हॅनमध्ये गप्पा जरा कमी झाल्या.

मग हे आले कसे?

आपल्या कोणा राजाने सुखोथाय किंवा आयुथयावर कधी राज्य केले नाही. अशोकाच्या काळात सोण आणि उत्तर हे दोन भिक्खू सुवर्णभूमीला गेले, अशी लंकेच्या ‘महावंस’ ग्रंथाची परंपरा. मग व्यापारी, ब्राह्मण, भिक्खू. पण थाय लोकांपर्यंत यातले बरेचसे दुसऱ्यांच्या हातून आले: राजसभेचे रीतिरिवाज आणि देवराजाची कल्पना ख्मेरांकडून, जुना बौद्ध धर्म मोन लोकांकडून, आणि सुखोथायला स्थिरावलेला थेरवाद लंकेच्या परंपरेतून. बँकॉकच्या दरबारी ब्राह्मणांच्या विधीत म्हटली जाणारी ‘तिरुवेंपावै’ ही स्तोत्रे तर तमिळ. म्हणजे ‘भारतातून’ म्हणावे तर कोणत्या भारतातून, आणि किती हातांतून, हे पाहावे लागते. प्रत्येक हाताने त्यात आपले काही घातले. सुखोथायची चालती बुद्धमूर्ती, एक पाय उचललेली, जणू वाऱ्यावर चालणारी, अशी आपल्याकडे घडली नाही. ती त्यांची.

चियांग मायच्या अलीकडे सव्वीस किलोमीटरवर लांफून, जुने हरिपुंजय. वाट चामदेवीचा चौकोनी, पायऱ्यापायऱ्यांनी निमुळता होणारा मनोरा साठ उभ्या बुद्धमूर्तींचा आहे. परंपरेने इथली पहिली राज्यकर्ती चामदेवी राणी. आणि शेवटी चियांग माय, मंगराय राजाने १२९६ साली वसवलेले. चौकोनी खंदक अजून पाण्याने भरलेला. १५४५ च्या भूकंपात पडलेला चेदी लुआंगचा प्रचंड चेदी तसाच अर्धा उभा आहे. पण मला सर्वांत आवडले ते शहराबाहेरचे वाट चेत योत, सात शिखरांचे, बोधगयेच्या महाबोधी मंदिराच्या धर्तीवर १४५५ साली तिलोकराजाने सुरू केलेले. नक्कल म्हणावी तर प्रमाणे वेगळी, चेहरे वेगळे. अंगणात पिंपळ आहे. गाईडने तिथे हात जोडले, आणि या खेपेस काकांनीही काही न बोलता जोडले.

जाणाऱ्यांसाठी थोडेसे

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा उत्तम. त्यानंतर उत्तरेत शेते व राने जाळल्याचा धूर एप्रिलपर्यंत असतो. सहा ते आठ माणसे असावीत. एका व्हॅनमध्ये बसतात आणि कोणाच्या तरी गुडघ्यासाठी थांबता येते. आयुथयाला एक, सुखोथायला दोन मुक्काम तरी ठेवावेत, आणि सुखोथायहून सी सच्चनालायला (श्री सज्जनालय) एक दिवस द्यावा. तिथली हत्तींनी वेढलेली चेदी आणि जुन्या मृत्पात्रांच्या भट्ट्या चुकवू नयेत. देवळात खांदे आणि गुडघे झाकलेले, पादत्राणे बाहेर, बसताना पाय मूर्तीकडे नकोत, आणि बायकांनी भिक्खूंना स्पर्श करू नये. शाकाहारींनी ‘मांगसाविरात’ हा शब्द पाठ करावा. नियम लावून पाहा, मांसविरती! तरीही माशाचे पाणी, ‘नाम प्ला’, नको असल्याचे वेगळे सांगावे.

आपली मुले इथे गणपतीची आरती इंग्रजी अक्षरांत लिहून म्हणतात आणि ‘ळ’चा ‘ल’ करतात, तेव्हा आपण कष्टी होतो. कदाचित तोही एखादा नियमच असेल. नगराचे नखोन झाले, पण सातशे वर्षांनंतर लोक तिथे नांदत आहेत आणि दिवा लावत आहेत. काकांनी परतल्यावर पुढच्या भारतभेटीची तिकिटे काढली. मुंबईहून आधी औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, तिथून अजिंठा, आणि मग नागपूर. आम्हीही बरोबर जाणार आहोत. व्हॅन आठ जणांची.